फुंकणी

काकीच्या चुलीच्या डाव्या हाताला फुंकणी भिंतीशी टेकून उभी असायची. हातभर लोखंडी नळी. तोंड लावून लावून एक टोक गुळगुळीत झालेलं, निखाऱ्यात जाऊन जाऊन दुसरं काळं पडलेलं. आम्हा पोरांना तिला हात लावायची मनाई होती, त्यामुळे ती तोंडाला लावून बघायची इच्छा मला कायम असायची.

मालवण तालुक्यातलं आमचं घर मोठं. रोजचं पंधरा माणसांचं जेवण, चतुर्थीला तीस. थोरल्या काकीचा दिवस पहाटे पेज रटरटायला ठेवण्यापासून सुरू व्हायचा. जळण म्हणजे चुडतं, सोडणं, करवंट्या आणि परड्यातली लाकडं. उन्हाळ्यात सगळं चटकन पेट घ्यायचं. मिरग लागला की मात्र लाकूड ओलं, सोडण ओलं, भिंतीसुद्धा ओल्या. मग काकी गुडघ्यावर बसायची, डावा हात जमिनीला टेकायची आणि फुंकणी ओठांना लावायची. तिचे गाल फुगायचे नाहीत. फुगायचं नव्हे, आत जायचं ते तिचं पोट. कासोट्याच्या वरचा भाग हळूहळू पाठीकडे ओढला जायचा, तो इतका की आता हिच्यात काही शिल्लक राहिलं नसेल असं वाटायचं. तेवढ्यात निखारा भगभगायचा, धुराचा एक लोट तिच्या तोंडावर यायचा, आणि त्याच धुरात ती पुढचा श्वास घ्यायची.

तो पुढचा श्वास मी तेव्हा मोजायला हवा होता.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात घरी गेले, तेव्हा काकी पडवीत बसली होती. पुढे वाकून, दोन्ही पंजे गुडघ्यांवर रोवून, खांदे वर उचललेले. विहिरीवरून कळशी घेऊन आलेली बाई दम खायला बसते तशी. पण तिनं कळशी आणली नव्हती. न्हाणीतून पडवीपर्यंत आली होती, पंधरा पावलं. तिच्या मानेच्या दोन्ही बाजूंना कानामागून गळ्याच्या खळगीपर्यंत जाणारे दोन दोर दर श्वासाला ताठ होत होते. गळपट्टीच्या हाडामागे खड्डा पडत होता. मी पाठीवर हात ठेवला, तशी म्हणाली, "श्वास भितुर जाता गो चेडवा, पन भायर येवक मागना नाय."

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. श्वसनाचा धडा बावीस वर्षं शिकवलाय. तिचं ते एक वाक्य ऐकलं आणि लक्षात आलं, की या धड्याचा अर्धा भाग मी नीट शिकवलेलाच नाही. मी श्वास घेणं शिकवत होते. सोडणं एका ओळीत उरकत होते.

शाळेत आम्ही बाटली करतो. प्लॅस्टिकच्या बाटलीचं बूड कापायचं, तिथे फुग्याचं रबर ताणून बांधायचं, बुचातून एक नळी आत सोडायची आणि नळीच्या टोकाला छोटा फुगा. खालचं रबर ओढलं की आतला फुगा आपोआप भरतो. मुलं दर वर्षी चकित होतात, कारण फुग्यात कुणी फुंकलेलं नसतं. फुप्फुसाचंही तेच आहे. त्याला स्वतःला फुगवायचा एकही स्नायू नाही. छातीचा पिंजरा मोठा होतो आणि फुप्फुस त्याच्यामागोमाग ताणलं जातं, कारण दोघांच्या मध्ये द्रवाचा एक पातळ थर असतो. दोन ओल्या काचा एकमेकींना धरून राहतात, तसा तो दोघांना धरून ठेवतो. आतला दाब बाहेरच्यापेक्षा उतरतो, तोही पाऱ्याच्या जेमतेम एका मिलिमीटरनं. बाहेरचा दाब ७६० मिलिमीटर. त्यातला एक मिलिमीटर उतरला तरी आमच्या किनाऱ्यावरची खारी हवा अर्धा लिटर आत येते. आपण हवा ओढत नाही. जागा करून देतो, आणि ती येते.

जागा करणारा मुख्य गडी म्हणजे श्वासपटल. छाती आणि पोट यांच्या मधला पडदा असं पुस्तकात लिहिलेलं असतं, आणि पडदा म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे लोंबतं कापड येतं. प्रत्यक्षात तो पालथ्या घातलेल्या टोपलीसारखा घुमट आहे. कडेनं सगळं मांस, मधोमध पांढरी चिवट चकती. कडा खालच्या बरगड्यांना, छातीच्या हाडाच्या टोकाला आणि मागे कमरेच्या मणक्यांना बांधलेल्या. वर हृदय टेकलेलं, खाली उजवीकडे यकृत, म्हणून उजवी बाजू डावीपेक्षा थोडी उंच. स्नायू आवळला की घुमट सपाट होत खाली उतरतो. शांत बसलेलो असताना सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर, खोल श्वासाला त्याच्या कितीतरी पट. खाली उतरला की आतडी, यकृत, जठर सगळ्यांना सरकावं लागतं, म्हणून पोट पुढे येतं. "मोठा श्वास घ्या" म्हटल्यावर माझ्या वर्गातली मुलं पोट आत घेऊन छाती काढतात, कवायतीत शिकवल्यासारखी. पाळण्यातलं निजलेलं मूल बघा. त्याचं पोट वरखाली होतं. त्याला कुणी काही शिकवलेलं नसतं आणि त्याचंच बरोबर असतं.

बरगड्यांमधले स्नायू दुसरे. मटणात बरगडीचा तुकडा येतो, त्याच्या दोन हाडांमध्ये चिकटलेलं जे मांस आपण दातांनी सोडवून खातो, ते हेच. एकावर एक थर असतात आणि त्यांचे धागे उलटसुलट तिरके जातात. बाहेरचा थर बरगड्या वर उचलतो, आतला बराचसा भाग खाली ओढतो. बरगडी वर उचलल्यानं छाती रुंद कशी होते हे मुलांना पटत नाही. मग मी बादली घेते. काठावर पडलेली कडी हातानं उचलली की ती नुसती वर जात नाही, बाहेरही जाते. बाजूच्या बरगड्या अशा उचलल्या जातात. पुढचं छातीचं हाड मात्र हातपंपाच्या दांड्यासारखं वर आणि पुढे येतं.

इथवर मी मन लावून शिकवायचे. मग फळ्यावर लिहायचे, 'उच्छ्वास : स्नायू सैल पडतात व हवा बाहेर जाते.' घंटा व्हायची.

त्या ओळीत काय दडलंय ते आता सांगते. शांतपणे श्वास सोडताना कुणीच काम करत नाही. ताणलेलं फुप्फुस आपल्या लवचीकपणानं मिटतं. श्वास घेताना स्नायूंनी जे कष्ट घेतले, त्यातला काही भाग फुप्फुसाच्या ताणात साठून राहिलेला असतो आणि सोडताना तोच परत मिळतो. भजनाची पेटी ज्यांनी उघडून पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. बुवाचा हात भात्यावर थांबला तरी सूर त्या क्षणी तुटत नाही, कारण आतल्या भात्याला स्प्रिंग असते आणि ती भरलेली हवा आपल्या बळानं रेटत राहते. मिनिटाला पंधरा श्वास धरले तर दिवसाचे एकवीस हजार सहाशे होतात. कीर्तनात हा आकडा अजपाजपाच्या संदर्भात येतो आणि माझ्या लहानपणी तो मला फार मोठा वाटायचा. आज त्याच्याकडे बघते तेव्हा मनात येतं, की यातला दर श्वास निम्मा फुकट आहे. एकवीस हजार सहाशे वेळा घ्यायला कष्ट, आणि तितक्याच वेळा सोडायला विश्रांती. श्वासपटलासारखा स्नायू जन्मभर न थकता चालतो, त्याचं एक कारण ही मधली विश्रांती आहे.

जोर लावून सोडायचा असेल तेव्हाच पोटाचे स्नायू पुढे येतात. ते आवळले की आतडी वर ढकलली जातात आणि घुमट परत छातीत चढतो. शंख, खोकला, शिंक, बाळंतपणातली कळ, रापण ओढताना निघणारी आरोळी, या सगळ्यांमागे पोटच आहे. काकीची फुंकणीही पोटाचीच. म्हणून ते तसं पाठीला लागायचं.

पोटाची खरी किंमत मला आमच्या वाडीतल्या एका माणसामुळे कळली. हापूसच्या मोसमात आंबे काढताना तो झाडावरून पडला. मानेचा मणका खालच्या बाजूला मोडला. पाय गेले, हातांची बोटं गेली. श्वास राहिला. सगळे म्हणाले देवाची कृपा, आणि मी त्यांच्याशी वाद घालणार नाही. पण त्यामागे शरीराचीही एक रचना आहे. श्वासपटल छातीच्या तळाशी असलं तरी त्याची नस, जिला फ्रेनिक म्हणतात, ती निघते थेट मानेतून, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या पातळीवरून. गर्भात श्वासपटलाची पहिली पट्टी मानेशीच तयार होते. पुढे गर्भ वाढतो तशी ती खाली सरकते आणि आपली नस बरोबर ओढत नेते. माहेरची वाट न सोडलेल्या बाईसारखी. म्हणूनच श्वासपटल दुखावलं तर कधी कधी खांदा दुखतो. त्या माणसाची मान या नसेच्या खाली मोडली होती. जनावरांच्या पाठीचा कणा वेगवेगळ्या उंचीवर कापून कुठला श्वास बंद पडतो हे गेलेन या वैद्यानं दुसऱ्या शतकातच पाहून ठेवलं होतं. ते वाचताना मला त्या जनावरांसाठी वाईट वाटलं, आणि वाडीतला तो माणूसही आठवला.

त्याचं श्वासपटल चालू होतं. बरगड्यांच्या आणि पोटाच्या स्नायूंच्या नसा मात्र छातीच्या मणक्यांतून येतात, आणि त्या सगळ्या तुटलेल्या जागेच्या खाली. त्यामुळे श्वास घेताना त्याचं पोट वर यायचं आणि छाती उलटी आत बसायची. श्वास येत होता, पण खोकता येत नव्हतं. छातीत कफ साठला की त्याची बायको दोन्ही तळवे त्याच्या पोटावर बरगड्यांच्या खाली ठेवायची. तो कसाबसा श्वास भरून घ्यायचा, डोळ्यांनी खूण करायचा आणि ती एकदम वर-आत दाबायची. तिच्या हातांनी तो खोकायचा. रुग्णालयात तिला हे शिकवलं होतं. मी एकदा उंबऱ्यातून पाहिलं आणि तशीच परत फिरले. दोन माणसांमधली इतकी जवळची गोष्ट मी दुसरी पाहिलेली नाही.

काकीचं दुखणं याच्या उलट जागी होतं. तिचे सगळे स्नायू शाबूत होते. गेली होती ती स्प्रिंग.

हे कळायला दोन वर्षं लागली. तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात तिला खोकल्याचं पातळ औषध मिळत राहिलं. वय झालं, दम लागणारच, असं सांगितलं गेलं. विडी ओढता का, असं विचारलं. तिनं नाही म्हटलं. पुढे चूल किती वर्षं, हे कुणी विचारलं नाही. तो प्रश्न विचारला असता तर उत्तर होतं पंचावन्न. त्यात रोजचा स्वयंपाक, न्हाणीतलं पाणी तापवणं आणि भात उकडायच्या दिवसांतला अंगणातल्या मोठ्या चुलीचा रात्रभराचा धूर. घरात गॅस आला त्यालाही आता बरीच वर्षं झाली, पण पेज आणि भाकरी चुलीवरचीच हवी हा आमचा सगळ्यांचा हट्ट होता. माझाही. सुट्टीत गेले की मीच म्हणायचे, काकी, चुलीवरची भाकरी कर. ते वाक्य आता मला बोचतं.

शेवटी जिल्ह्याच्या गावी नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी चुलीचं विचारलं आणि फुंकायची तपासणी करायला सांगितली. नाकाला चिमटा, तोंडात नळी. श्वास पूर्ण भरा आणि जोरात सोडा, सोडा, सोडा, अजून सोडा. या यंत्राचं मूळ लंडनच्या जॉन हचिन्सन या डॉक्टरांकडे जातं. १८४६ साली त्यांनी दोन हजारांहून जास्त माणसांचे श्वास मोजून प्रसिद्ध केले होते. निरोगी माणूस भरलेल्या हवेपैकी तीन चतुर्थांशाच्या आसपास हवा पहिल्याच सेकंदात बाहेर टाकतो. काकीची पहिल्या सेकंदात निम्मीही निघाली नाही. उरलेली ती सोडत राहिली, सोडत राहिली, पडद्यावरची रेघ संपेना. जन्मभर फुंकणारी बाई, आणि तिला फुंकता येत नव्हतं. सीओपीडी, म्हणजे हवा बाहेर पडायला अडथळा आणणारं फुप्फुसाचं जुनाट दुखणं, असं डॉक्टर म्हणाले. मग कागद ओढून चित्र काढून समजावलं. तेवढं चांगलं मला कुणी काही समजावलं नव्हतं.

धुरानं फुप्फुसातल्या बारीक पिशव्यांच्या भिंती झिजतात. या भिंतीच स्प्रिंग असतात, आणि आजूबाजूच्या बारीक नळ्यांना चहूबाजूंनी ताणून उघड्या धरणाऱ्या दोऱ्याही त्याच. त्या गेल्या की श्वास सोडताना नळ्या मिटतात आणि हवा पलीकडे कोंडते. पुढचा श्वास तिच्यावर येऊन बसतो. फुप्फुस भरलेलंच राहतं, छाती पिंपासारखी गोल होते. घुमट खाली ढकलला जाऊन सपाट होतो. जो स्नायू आधीच सपाट झाला तो आणखी खाली काय ओढणार? मग हाक जाते वरच्या मजल्यावर. मानेच्या मणक्यांपासून पहिल्या दोन बरगड्यांवर उतरणारे स्केलीन शांत श्वासातही थोडा हात लावतात, ते आता जिवावर उदार होतात. कानामागचा लांब स्नायू, स्टर्नोक्लायडोमास्टॉइड, एरवी मान वळवायला असतो, तो छातीचं हाड वर उचलू लागतो. पडवीत मला दिसलेले दोर तेच. आणि गुडघ्यावर हात रोवून बसणं? ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. हात असे टेकले की खांदे पक्के होतात, आणि एरवी हात हलवणारे छातीचे स्नायू उलट बाजूनं बरगड्या उचलायला मोकळे होतात. पुढे वाकल्यानं पोटातला ऐवज श्वासपटलाला वर रेटतो आणि त्याला थोडा बाक परत मिळतो. धाप लागलेलं शरीर हे सगळं आपलं आपण शोधून काढतं.

निरोगी माणसाचा श्वास दिसत नाही. मी आता कुणाकडेही गेले की आधी मान बघते.

औषधाच्या पंपाबरोबर डॉक्टरांनी व्यायाम सांगितले. फिजिओथेरपी शिकवणारी मुलगी पंचविशीतली, घाटावरची. काकीसमोर स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "आजी, नाकानं श्वास घ्या आणि शीळ घालतात तसे ओठ करून हळू सोडा."

काकीनं माझ्याकडे बघितलं. "शीळ? बायलमानसा शीळ घालतत काय?"

मुलीनं गरम चहा फुंकायचं उदाहरण दिलं. काकीचा चेहरा उजळला. "म्हणजे फुंकणी फुकतंव तसा! ह्या येता माका. जल्मभर ह्याच केलंय." आणि तिनं गुडघ्यावर हात ठेवून पोट आवळून जोरात फुंकलं. लगेच ढास लागली, डोळ्यांतून पाणी आलं, पाठ चोळावी लागली.

मुलगी घाबरली नाही. ढास थांबू दिली, मग आपला तळवा काकीच्या पोटावर ठेवला. पोट आवळू नका म्हणाली. जोर लावला की छातीतला दाब वाढतो आणि त्या दुबळ्या नळ्या जास्तच मिटतात. ओठ अरुंद ठेवायचे ते हवेला वाटेत थोडं अडवायला. तो अडसर मागे नळ्यांपर्यंत पोचतो आणि त्यांना आतून उघडं धरतो. हवा हळू निघते, पण निघते.

काकीनं सगळं ऐकून घेतलं. थोडा वेळ बोलली नाही. मग मलाच समजावल्यासारखी म्हणाली, "निखारो पेटवूचो नाय. राख उडूची नाय, तसा फुकूचा."

मुलीनं मला अर्थ विचारला. मी सांगितला, तर तिनं वहीत लिहून घेतला.

घरी करायला तिनं मेणबत्ती सांगितली होती. ज्योत विझता कामा नये, नुसती कलली पाहिजे. मेणबत्ती घरात नव्हती म्हणून मी संध्याकाळी निरांजन पुढे केलं, तर काकीनं माझा हात मागे सारला. "दिवो तोंडान फुकूचो नाय." मीही ते लहानपणापासून ऐकलं होतं. दिवा विझवायचा तर पदरानं, फुलानं, फुंकरीनं कधीच नाही. व्यायामासाठीसुद्धा नाही. मग तीच आत जाऊन वातींचा डबा घेऊन आली. कापसाची एक लांब वात काढली, दोऱ्यानं बांधली आणि तो दोरा पडवीच्या खांबाच्या खिळ्याला अडकवला, तिच्या ओठांच्या उंचीवर.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला ती तिथे बसते. यंदा तिला अठ्ठ्याहत्तरावं लागलं. फुप्फुस बरं होणार नाही, डॉक्टरांनी तसं साफ सांगितलंय. पण न्हाणीपासून पडवीपर्यंत ती आता मध्ये न थांबता येते. चतुर्थीला मी गेले तेव्हा तिच्या शेजारी बसले. डावा हात पोटावर, पोट सैल सुटलंय याची खात्री करायला. नाकानं श्वास, दोन आकडे. मग ओठ मिटत आले आणि वात कलली. समोरच्या पाणंदीकडून वारा येत होता, तरी वात तिच्याच फुंकरीनं कलून राहिली होती. थरथरली नाही. मी बोटांवर मोजत होते. एक, दोन, तीन, चार. मानेवरचे दोर दिसत नव्हते. पाच. वात हळूहळू सरळ झाली आणि लोंबत राहिली. काकीनं लगेच श्वास घेतला नाही. थोडी थांबली, समोर बघत राहिली.

"जा, चाय ठेव," ती म्हणाली. "गॅसार ठेव."